मत देण्याआधी एक प्रश्न

पालकहो आणि वर्गातल्या मोठ्या मुलांनो,

शनिवारी तुमचा तास चालू असतो तेव्हा आम्ही पालक बाहेर चहा पितो. मागच्या खेपेला निवडणुकीचा विषय निघाला, तर एक गृहस्थ म्हणाले, "आपला पासपोर्ट भारताचा. आपल्याला कुठलं मत?" बारा वर्षं ते ब्रिटनमध्ये राहतात! म्हणून आधी हे सांगतो: भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. यादीत नाव मात्र हवं. पुढची सार्वत्रिक निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ मध्ये व्हायची आहे.

मत कशावरून द्यायचं? कर, शाळा, दवाखान्यातल्या रांगा, हे तर सगळेच विचारतात. मी आणखी एक विचारतो: सरकार माणसाला आरोप न ठेवता किती दिवस डांबू शकतं?

२००५ च्या जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ माणसं गेली. मी नुकताच इथे नोकरीला आलो होतो. ट्यूबमध्ये माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे लोक वळून बघत. पुढे सरकारने प्रस्ताव मांडला की अतिरेकी असल्याचा संशय आला तर आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवता यावं. मला ते योग्यच वाटलं आणि फोनवर घरी तसं बोललोही. काकांनी एवढंच विचारलं, "तुझ्याच पिशवीचा संशय आला तर?"

काका १९७५ साली पुण्यात कॉलेजात होते. आणीबाणीत त्यांना 'मिसा'खाली पकडून येरवड्याला नेलं. कशासाठी, हे आजीला कोणी सांगितलं नाही. दुर्गाबाई भागवतांसारख्या लेखिकेलाही तेव्हा अटक झाली. कोर्टात जावं तर १९७६ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत अशी दाद मागता येणार नाही. ती दाद मग मार्च १९७७ मध्ये मतदारांनी दिली. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. नव्या संसदेने ४४वी घटनादुरुस्ती केली, त्यामुळे आता आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क तहकूब करता येत नाही.

इथे तो ९० दिवसांचा प्रस्ताव नोव्हेंबर २००५ मध्ये ३२२ विरुद्ध २९१ मतांनी पडला. सरकारी पक्षाच्याच ४९ खासदारांनी विरोधात मत दिलं होतं. २८ दिवस मात्र मंजूर झाले, ते २०११ मध्ये १४ वर आले. म्हणजे हा आकडा हलतो, आणि तो हलवणारी माणसं आपण निवडून देतो.

कोणी कुठल्या बाजूने मत दिलं याची नावानिशी यादी हॅन्सार्डमध्ये असते, इंटरनेटवर फुकट बघता येते. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमची परीक्षा कोणी जाहिरातीवरून करत नाही, चालवून बघतात. दारात येऊन पडणाऱ्या पत्रकांचंही तसंच समजा. उमेदवार नवा असेल तर यादीत काही सापडणार नाही, त्याला सरळ पत्र लिहून विचारावं. मुलांनो, पत्र लिहायला वयाची अट नाही. आणि इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी यादीत नाव घालता येतं, हेही घरी सांगा.

त्या गृहस्थांना नावनोंदणीचा अर्ज मी येत्या शनिवारी आणून देणार आहे. चहा त्यांच्याकडून.