आरोग्यविचार : धांवणें रक्तांत असतें काय ?

अकोल्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव अमरावतीस शिकत असून लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करीत आहेत. सासूबाई म्हणतात, "धांवणें आपल्या घराण्यांत नाहीं." बाईंची काळजी निराळी आहे. त्यांचे थोरले दीर ३८ व्या वर्षीं जिना चढतांना एकाएकीं कोसळले व गेले. मुलास धांवूं द्यावें कीं नाहीं, असें त्या विचारतात.

प्रथम सासूबाईंचें म्हणणें पाहूं. विश्रांतींत हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें. जोराच्या श्रमांत सामान्य तरुणाचें हृदय सुमारें २० लिटर, तर कसलेल्या धांवपटूचें ३५ लिटरपर्यंतही लोटतें. हें सामर्थ्य जन्मजात किती व कमावलेलें किती ? अमेरिका व कॅनडा येथील एका अभ्यासांत, बैठें जीवन असलेल्या ९८ कुटुंबांतील ४८१ माणसांस २० आठवडे सारखाच व्यायाम देण्यांत आला. १९९९ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राणवायु घेण्याची शक्ति कोणाची जवळजवळ वाढलीच नाहीं, तर कोणाची मिनिटास लिटरभर वाढली. आणि या फरकांत सुमारें निम्मा वांटा घराण्याचा निघाला. म्हणजे सासूबाई अर्ध्या खऱ्या. परंतु आपल्या वांट्यास काय आलें आहे, तें धांवल्यावांचून कळत नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरॅथॉनमध्यें १९ वे आले. त्यांच्या सामर्थ्याची परीक्षा रस्त्यावरच झाली. शिवाय ज्या अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, तिच्या शेजाऱ्यांनीं तरी व्यायाम घराण्यांत नाहीं असें म्हणूं नये !

बाईंची भीति मात्र आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. हृदयाचा स्नायु जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. आईबापांपैकीं एकास तो असला, तर प्रत्येक अपत्यास त्याचें मूळ मिळण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा वरून धट्टाकट्टा दिसतो, आणि क्वचित् ऐन खेळांत कोसळतो. तसेंच, भारतीय उपखंडांतील १०० पैकीं सुमारें ४ माणसांच्या एका हृदय-जनुकांत २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो व त्यांस उतारवयांत हृदय दुर्बळ होण्याचा धोका अधिक असतो, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. धोका म्हणजे निकाल नव्हे. तो असूनही कित्येक दीर्घायुषी होतात. लहान वयांत रोहिणींत अडथळा येण्याची प्रवृत्तिही घराण्यांत चालते.

म्हणून आमची सूचना अशी : धांवतांना घेरी येते काय, छातींत दुखतें काय, हें मुलास विचारावें. हृदयतज्ज्ञांकडून ई. सी. जी. व इको करून घ्यावा. तोंवर शर्यत थांबवावी. परंतु दीर म्हणजे मुलाच्या वडिलांचे सख्खे भाऊ. तेव्हां जे कधींच धांवत नाहींत, त्या वडिलांनींही त्याच वेळीं तपासून घ्यावें. तज्ज्ञांनीं अनुमति दिल्यास मुलास निःशंकपणें धांवूं द्यावें, व पुन्हां केव्हां दाखवावयाचें तेंही विचारून ठेवावें.

आपल्या घरांतून गेलेल्या माणसाची तिथि श्राद्धासाठीं पिढ्यान्‌पिढ्या लक्षांत राहते. तो कोणत्या वयांत व कशानें गेला, हें मात्र दुसऱ्या पिढींतच विसरलें जातें. यापुढें वहींत तिथीशेजारीं तेंही लिहून ठेवावें. नातवंडांच्या तें उपयोगीं पडेल.