कळतं, पण वळत नाही

शिकलेला माणूस दारूपायी नोकरी घालवतो, तेव्हा आपण त्याची अक्कल काढतो. निवृत्तीची पुंजी फसव्या योजनेत गमावलेल्या आजोबांनाही घरात तेच ऐकावं लागतं. डोकं ठिकाणावर असेल तर निर्णयही नीटच होणार, असं आपण धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ आंत्वान बेशारा यांच्या संशोधनाने या समजुतीलाच धक्का दिला आहे.

टोरंटो विद्यापीठात उंदरांवर अफूजन्य औषधांचा परिणाम अभ्यासून बेशारा अमेरिकेत आयोवा विद्यापीठात आले. तिथे हान्ना आणि अँतोनियो दामासिओ यांच्याकडे विलक्षण रुग्ण येत. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेली. बुद्ध्यांक चांगला, स्मरणशक्ती शाबूत. पण पैसा, नोकरी, नाती यांतले निर्णय एकामागून एक चुकत. नेहमीच्या चाचण्यांत मात्र काहीच सापडत नसे.

म्हणून १९९४ साली या गटाने पत्त्यांचा एक खेळ मांडला. चार कॅट, हाताशी २००० डॉलरच्या खोट्या नोटा, १०० वेळा पान उचलायचं. दोन कॅटांत प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळतात, पण मध्येच जबर दंड बसतो आणि दहा पानांत २५० डॉलरचा तोटा होतो. उरलेल्या दोन कॅटांत ५०च मिळतात, पण दंड हलका असल्याने दहा पानांत २५० डॉलर हाती राहतात. निरोगी माणसं हळूहळू इकडे वळतात. या रुग्णांपैकी काहींना कोणता कॅट घातक हे सांगताही येत होतं, तरी ते पान तिथूनच उचलत. धोक्याच्या कॅटाकडे हात नेताना निरोगी माणसाच्या तळहाताला सूक्ष्म घाम येतो, तसा त्यांना येत नव्हता. या घामाच्या अर्थावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. कळणं आणि वळणं यांतली दरी मात्र त्या वादाने बुजली नाही.

पुढे दारू आणि उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांपैकी अनेक जण याच खेळात त्या रुग्णांसारखे हरले. ही उणीव व्यसनाआधीची की व्यसनाने आलेली, हे या निकालावरून ठरत नाही. २००५ साली नताली डेनबर्ग यांच्यासोबतच्या अभ्यासात स्मृतिभ्रंश वगैरे काहीही नसलेल्या ज्येष्ठांतही एक गट असाच चुकताना दिसला. फसव्या जाहिरातींना हाच गट अधिक बळी पडतो, हेही नंतर आढळलं.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, व्यसनी माणसाला उपदेश पुरत नाही. दारूचे तोटे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असतात. त्याला उपचार, नियमित पाठपुरावा आणि मोहाच्या जागांपासून अंतर हवं. दुसरी, वय झालं म्हणून कुणाच्याही हातातून व्यवहार काढून घेऊ नयेत, कारण बहुसंख्य ज्येष्ठ उत्तम निर्णय घेतात. पण मोठी रक्कम वळती होण्याआधी एक दिवसाची मुदत आणि ज्येष्ठांनी स्वतः निवडलेल्या माणसाला सूचना, एवढी सोय प्रत्येक बँकेने द्यावी. आणि घरच्यांनी फसलेल्या माणसाची लाज काढणं थांबवावं. लाजेपोटी तो गप्प बसतो, तक्रारीला उशीर होतो, आणि भामट्याला हवा असतो तो नेमका हाच वेळ.