हौशी संकेतस्थळांची मालकी

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परंतु हौसेने उभारलेली वस्तू अखेर कोणाच्या मालकीची ठरते, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

एप्रिल १९९३ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले आणि सामान्य माणसालाही स्वतःचे संकेतस्थळ रचणे शक्य झाले. दुसऱ्याच्या पानामागील संहिता उघडून पाहावी, त्यावरून शिकावे आणि आपली कृती इतरांपुढे ठेवावी, हीच या हौशी मंडळींची पाठशाळा होती.

१९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या जिओसिटीजने त्यांना फुकट जागा दिली. १९९९ मध्ये याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरांच्या घरात विकत घेतली. हे मोल निव्वळ जागेचे नव्हते. त्यात असंख्य हौशी लोकांचे विनावेतन श्रम होते. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने अमेरिकेतील ही सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी पाने वाचविली. बाकीची नाहीशी झाली. कसणाऱ्या कुळाला निदान कूळकायद्याचा आधार असतो; या मंडळींना तोही नव्हता.

म्हणून संकेतस्थळ रचणाऱ्या विद्यार्थ्याने आपली संहिता इतरांना अवश्य द्यावी. परंतु तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि संकेतस्थळाचे नाव स्वतःच्याच नावे नोंदवावे. महाविद्यालयांनीही आपल्या संगणकांवर अशा कामाला जागा द्यावयास हवी. फुकट मिळालेली जागा आपली नसते, हे ध्यानी ठेवलेले बरे.