खोट्या इशाऱ्यांचा खरा धोका
नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलवीनच्या मराठी घरांत मुलं ऑनलाइन गेम खेळतात, तेव्हा संगणकावरची फायरवॉल कधी कधी हल्ल्याचा इशारा देते आणि आईवडील धास्तावतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. गेमची माहिती बहुधा यूडीपी या १९८० साली ठरलेल्या पद्धतीने धावते. तीत संभाषण सुरू झाल्याची वा संपल्याची खूणच नसते. मूल खेळ सोडून उठलं तरी सर्व्हर काही काळ माहिती पाठवत राहतो. फायरवॉलच्या नोंदीतून ते संभाषण पुसलं गेलं असेल, तर तिला हा पाहुणा घुसखोर वाटतो. अशा इशाऱ्यांना कंटाळून फायरवॉलच बंद करणं मात्र घातक आहे. इशाऱ्याचं मोल नेदरलँड्सने २०११मध्ये पाहिलं. वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणाऱ्या, बेव्हरवाइकच्या डिजिनोटार या कंपनीत हॅकर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रं काढली. त्यांतलं गुगलच्या नावाचं प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. ते उघडकीला आलं, कारण तिथल्या एका माणसाने क्रोम ब्राउझरचा इशारा झटकून न टाकता गुगलला कळवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोरीत निघाली. म्हणून इशारा आला की कोणता प्रोग्रॅम, कोणता पोर्ट, किती वाजता, एवढं नोंदीत पाहा. परवानगी फक्त त्या गेमला द्या. अनोळखी प्रोग्रॅम बाहेर संपर्क साधू पाहत असेल, तर त्याला तिथेच अडवा. ही सवय मुलांनाही लावा.