खाजनाचा नकाशा कोणीं काढावा?

गोमंतकांतील खाजन जमिनींविषयीं या मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें आमच्या कांहीं सभासद बंधूंस वाटणें स्वाभाविक आहे. शिनोलीचें पाणी घोड नदींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जातें. मांडवी-जुवारीच्या खाड्यांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. परंतु सामाईक बांधाची व सामाईक पाणवाटेची नोंद आणि निगा कोणीं ठेवावी, हा प्रश्न तेथें व येथें एकच आहे. आणि तेथील अनुभव आपणांस फुकट मिळत असतां तो न घेणें शहाणपणाचें नव्हे.

खाडीलगतची, भरतीच्या पातळीखालीं असलेली जमीन बांध घालून पूर्वींच्या गांवकऱ्यांनीं लागवडीस आणली, तीस तिकडे खाजन म्हणतात. बांधास ठिकठिकाणीं लांकडी झडपांची मोरी असते; तिचें नांव मानस. भरती चढूं लागली म्हणजे बाहेरील पाण्याच्या दाबानें झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली म्हणजे आंतील पाणी तिला ढकलून बाहेर पडतें. पावसाळ्यांत कोरगूट नांवाचें, खारटपणा सोसणारें भात आणि मोरीपाशीं मासळी, अशीं दोन उत्पन्नें एका बांधावर अवलंबून. अशी जमीन गोव्यांत सुमारें १८,००० हेक्टर असल्याचें सांगतात. बांधाची दुरुस्ती गांवकरी संस्थेकडे असे. या संस्थांचे रिवाज पोर्तुगीज सरकारनें १५२६ सालीं लेखी नोंदविले. रिवाज त्यांच्या आधींचे आहेत, नोंद मात्र त्यांची.

गोव्यांत १९६४ सालीं कूळ कायदा झाला, पुढें त्यांत दुरुस्त्या झाल्या, आणि बांधाची निगा कुळांच्या संघांकडे आली. कसणारास जमीन मिळाली हें न्याय्यच झालें. पण मासळीचा लिलाव हें मोठें उत्पन्न होऊन बसलें. मक्ता घेणारास भरतीचें पाणी आंत यावयास हवें, कारण पाण्याबरोबर मासळी येते. म्हणून झडपा उघड्या राहूं लागल्या. शेतांत खारें पाणी शिरलें कीं तें पावसानें धुऊन निघण्यास वेळ लागतो, आणि तोंवर सामान्य जातीचें भात तेथें येत नाहीं. लिलावाचा पैसा वर्षाच्या वर्षीं हातांत येतो, बांधाचा खर्च मात्र नेहमीं पुढल्या वर्षाचा असतो. कित्येक बांध अशाच हिशेबानें फुटले.

फुटलेल्या बांधाच्या आंत तिवरें उगवतात. रायगड जिल्ह्यांतील खारभूमींतही हाच प्रकार आहे: उताऱ्यावर भातशेती आणि जागेवर कांदळवन. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयानें मना केली आहे, व ती मनाई आम्हांस योग्य वाटते, कारण बांधाबाहेर उभीं असलेलीं तिवरें लाटेचा मारा आपल्या अंगावर घेऊन बांधच राखतात. ज्याचें शेत असें गेलें त्याचें गाऱ्हाणें खरें आहे. पण तें झाडावर नव्हे, वेळेवर न बुजविलेल्या खांडावर ठेवावयास हवें.

आतां नकाशाची गोष्ट. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेंत केंद्र सरकारनें गोव्यापुरतें स्पष्ट लिहिलें कीं, खाजन जमिनींचे नकाशे करावे, त्यांच्या कडेचीं तिवरें राखावीं, व्यवस्थापनाचा आराखडा करावा, आणि तेथें विकासाचें काम होऊं देऊं नये. हुकूम उत्तम. परंतु २०२१ सालीं आराखड्याच्या मसुद्यावर जनसुनावणी झाली, तेव्हां खाजनें, बांध व मोऱ्या नकाशांत नीट आलेल्या नाहींत अशा हरकती गांवोगांवांहून आल्या, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानें ती सुनावणी पुन्हां घ्यावी लागली. महसुली दप्तरांत उमर गेलेल्या आम्हांस याचें नवल वाटलें नाहीं. दूर बसून काढलेल्या नकाशांत पाणी दिसतें. पण तें भरतीचें आहे कीं मोडक्या झडपेचें, हें त्या बांधावर चालणाराच सांगूं शकतो. आणि जी मोरी नकाशांत नाहीं ती उद्यां कोणी बुजविली तर तक्रार कशाच्या आधारें करावयाची?

नकाशाचें महत्त्व पुणें जिल्ह्यास कोणी शिकवावें असें नाहीं. मुंबई इलाख्याची मोजणी-पद्धति १८३५ सालीं इंदापुरांतच सुरू झाली. आपल्या गांवनकाशांत ओढे दाखविलेले आहेत. प्रत्यक्षांत ते किती रुंद उरले आहेत, हें प्रत्येकानें आपल्या बांधावर उभें राहून पाहावें. शेजाऱ्यानें वितभर ओढा शेतांत घेतला कीं आपणही घेतों. मग पुराचें पाणी तिसऱ्याच्या वावरांतून वाट काढतें आणि माती घोडेंत जाते.

आमची सूचना अशी कीं, खरिपाचीं पिकें निघाल्यावर प्रत्येक गांवच्या सभासदांनीं गांवनकाशाची प्रत घोडेगांवच्या भूमि अभिलेख कार्यालयांतून घ्यावी, आणि मार्गशीर्षांत ओढ्याच्या उगमापासून नदीपर्यंत ती हातांत धरून चालत जावें. अतिक्रमण कोठें, मोरी कोठें तुंबली, कांठचें झाड कोठें तोडलें, हें गट क्रमांकासह लिहावें, आणि ज्यांचे बांध लागून आहेत त्यांच्या सह्या तेथेंच घ्याव्या. ती यादी ग्रामसभेपुढें ठेवून ठरावांत दाखल करून घ्यावी. नकलेचा खर्च वर्गणींतून सहज निघेल. सह्या मिळणें अवघड जाईल, हें आम्ही जाणतों. म्हणून पहिली सही ज्यानें ओढा दाबला नाहीं अशा सभासदाची असावी, आणि असा सभासद प्रत्येक गांवांत एक तरी निघेलच.