खाण संपते, काम उरते

चंद्रपूर-वणी पट्ट्यात लांबून दिसणारे ते डोंगर नव्हेत. कोळशासाठी उपसलेल्या मातीचे ढिगारे आहेत. कोळसा मंत्रालयाने 2009 मध्ये खाणबंद आराखड्याचे नियम आणले, त्यासाठीचे पैसे खाण कंपन्यांना एस्क्रो खात्यात, म्हणजे काम झाल्यावरच सुटणाऱ्या राखीव खात्यात, ठेवायला लावले. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2020 मध्ये खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे, असे बजावले. कायदा आहे, पैसा आहे. वानवा आहे ती जाणत्या हातांची. वरची सुपीक माती वेगळी राखायची, उताराला पायऱ्या द्यायच्या, आधी गवत मग झाडे, हे कंत्राटदाराच्या मुकादमाला शिकवले कोणी? तो खड्डे मोजतो, रोपे खोचतो, बिल काढतो. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीतील ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) आणि मुळांना साथ देणारे जिवाणू, बुरशी वापरून झाडे जगवली, त्यालाही दशके लोटली. ती विद्या अहवालात किती दिवस ठेवायची? चंद्रपूर, यवतमाळच्या आयटीआयमध्ये वर्षभराचा अभ्यासक्रम काढा. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना त्यात आधी जागा द्या. जमीन त्यांच्याच घरची गेली आहे. आणि प्रशिक्षित माणूस जागेवर असल्याखेरीज एस्क्रोतला पैसा सोडू नका.