उघडं होतं म्हणून?



गेल्या महिन्यात माझ्या आठवीतल्या मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं. कॉम्प्युटर लॅबमध्ये त्याच्या आधी बसलेली मुलगी शाळेने दिलेलं ईमेल खातं उघडंच ठेवून उठली होती. ह्या पठ्ठ्याने तिच्या नावाने बाईंना काहीतरी वेडंवाकडं लिहून पाठवलं. बोलणी मात्र तिला बसली. खरा प्रकार कळेपर्यंत बिचारी दोन दिवस रडत होती.

घरी येऊन तो म्हणतो, "आई, मी पासवर्ड चोरला नाही. उघडंच होतं!"

शेजारच्या काकूंचं दार उघडं दिसलं म्हणून आपण त्यांच्या कपाटाला हात लावतो का? न दिलेलं घ्यायचं नाही, हे पाठशाळेत तो लहानपणापासून ऐकतो. पण कॉम्प्युटरलाही ते लागू आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याची वही पाहिली. मॉनिटर, की-बोर्ड, माऊसच्या छान आकृत्या. पहिल्या पानावर नियम: चपला बाहेर काढा, पाण्याची बाटली आणू नका, गप्प बसा. सगळे नियम यंत्र जपण्याचे. आपल्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्या मुलाचा विचार कुठेच नाही.

मला वाटतं, लॅबमध्ये कॉम्प्युटर चालू करण्याइतकंच त्याच्यासमोरून उठायचं कसं, हेही शिकवायला हवं. उठण्याआधी काम आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करायचं. कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की झालं. मग खात्यातून लॉगआउट. नुसती फुली दाबून खिडकी बंद केली तर खातं बहुतेक वेळा आत उघडंच राहतं. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं विचारलं तर तिथे 'नाही' म्हणायचं. दोन मिनिटं पाणी प्यायला जायचं असेल तर विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची. शेवटचा तास असेल तर आधी शट डाउन, मगच भिंतीवरचा स्विच. आणि दुसऱ्याचं खातं उघडं दिसलं तर न वाचता लॉगआउट करून त्याला सांगायचं.

आणखी एक. एका कॉम्प्युटरवर दोघं असली की चटपटीत मूल माऊस सोडत नाही, दुसरं तास संपेपर्यंत नुसतं बघत राहतं. माऊस निम्मा वेळ दुसऱ्याच्या हातात गेलाच पाहिजे.

वर्गात चाळीस मुलं असली की एकट्या बाई कुठे कुठे बघणार, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच हे घरातून जायला हवं. आपल्याला कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल, फोन तर आहे ना?

इथे मला माझंच आठवलं. जाऊबाईंचा फोन ओट्यावर उघडा राहिला की मी मेसेजवर नजर टाकतेच. मुलगा ते बघत असणार. त्याने त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली. मी त्याच संध्याकाळी जाऊबाईंची मागितली. त्या हसल्या, पण मला बरं वाटलं.